पैसा घाईत, कागद सावकाश

ऊर्जेच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला लग्नात, बँकेत, एसटी स्टँडवर, कुठेही गाठून लोक एकच विचारतात: सध्या कुठली स्कीम चालू आहे? विचारणारा कधी तेलघाणीवाला असतो, कधी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी, कधी नुकताच निवडून आलेला सरपंच. त्याला योजनेचं नाव हवं असतं, टक्केवारी हवी असते आणि जमलंच तर साहेबांचा नंबर. हे पैसे नेमके कशाचे आहेत आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर हातात पडणार आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही. या पुस्तकाच्या दोन्ही लेखकांनी तोच प्रश्न मध्यभागी ठेवून सगळी मांडणी केली आहे. प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो त्यामुळे.

आपल्याकडच्या योजना, अर्जांचे नमुने, छाननीत निघणाऱ्या त्रुटी, हे सगळं आत आहे. त्याची उजळणी इथे करत बसत नाही. त्याऐवजी एका परदेशी प्रकरणात वाचकाला थोडं आत न्यावं म्हणतो. 2009 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्वच्छ ऊर्जेसाठी प्रचंड पैसा काढला आणि तो एकाच वेळी अर्धा डझन वेगवेगळ्या रीतींनी वाटला: कुठे रोख अनुदान, कुठे स्पर्धा, कुठे सूत्र लावून राज्यांना, कुठे कर्जाची हमी. क्षेत्र तेच, काळ तोच, वाटणारं सरकार तेच आणि फक्त अर्जाची रीत वेगळी. कोणत्या रीतीने काय होतं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी क्वचित मिळते.

सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. जानेवारी 2009 मध्ये बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत महिन्याला सात-आठ लाख माणसांची नोकरी जात होती. महिना पुरा व्हायच्या आत, 17 फेब्रुवारीला, त्यांनी ‘अमेरिकन रिकव्हरी अँड रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’वर सही केली. समारंभ वॉशिंग्टनला न ठेवता डेन्व्हरच्या निसर्ग-विज्ञान संग्रहालयात ठेवला. त्या इमारतीच्या छतावर सौर पॅनल होती आणि सही करण्याआधी अध्यक्ष वर जाऊन ती पाहून आले. एकूण रक्कम 787 अब्ज डॉलर. करसवलती धरून त्यातले सुमारे 90 अब्ज स्वच्छ ऊर्जेच्या वाट्याला आले. ऊर्जा खात्याला आपल्या वर्षभराच्या बजेटपेक्षा मोठी रक्कम एका सहीत मिळाली. खात्याचे मंत्री स्टीव्हन चू नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ, पण त्यांच्या हाताखालच्या कचेरीला एवढा पैसा एवढ्या घाईत वाटण्याची सवय कधीच नव्हती.

मंदीत सरकारने खर्च करायचा तर तो वेळेवर, नेमका आणि तात्पुरता असावा, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. वीजप्रकल्पाचा स्वभाव याच्या बरोबर उलट. जागा बघा, वारा किंवा ऊन मोजा, ग्रीडची परवानगी काढा, बँकेला पटवा, शेजाऱ्याची हरकत मिटवा, यात दोन-तीन वर्षं सहज जातात. सरकारला मात्र कुदळ मारायचीच काय ती खोटी, असे प्रकल्प हवे होते. असे प्रकल्प मुळात फारसे नसतातच, हे ओबामांनी पुढच्याच वर्षी एका मुलाखतीत कबूल करून टाकलं. दुसऱ्या शब्दांत, पैशाला घाई होती आणि ज्या कागदांवरून तो पैसा जायचा ते सगळे बिनघाईच्या काळात तयार झालेले होते.

ते कागद जरा जवळून पाहू. अर्जदाराला सर्वांत आधी नऊ आकडी ‘डन्स’ क्रमांक लागायचा आणि तो सरकार नव्हे, डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही खासगी कंपनी द्यायची. मग केंद्राच्या कंत्राटदार नोंदवहीत नाव घालायचं. मग ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ या एकखिडकी संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी आणि सही करणाऱ्याला संस्थेने दिलेला अधिकार. हे सगळं झालं की मुख्य फॉर्म, एसएफ-424. वरवर पाहता साधा. संस्थेचं कायदेशीर नाव, योजनेचा क्रमांक, प्रकल्पाची सुरुवात आणि शेवट. पैशाच्या रकान्यात ओळी पाडलेल्या: केंद्राचे किती, अर्जदाराचे किती, राज्याचे किती, स्थानिक संस्थेचे किती, इतर किती, प्रकल्पातून येणारं उत्पन्न किती. केंद्राचं कुठलं जुनं देणं थकलेलं आहे का, हो की नाही. आणि एक रकाना असा की अर्जदार आणि प्रकल्प कोणत्या संसदीय मतदारसंघात येतात, त्यांचे क्रमांक.

या शेवटच्या रकान्याची पुढे गंमत झाली. ज्यांना पैसे मिळाले त्यांनी दर तिमाहीला अहवाल भरायचा होता: किती खर्च केला, किती नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा वाचल्या, कोणत्या मतदारसंघात. हे आकडे जसेच्या तसे जनतेसमोर ठेवायचे, असा सरकारचा शब्द होता आणि सरकारने तो पाळला. नोव्हेंबर 2009 मध्ये पत्रकारांच्या लक्षात आलं की ॲरिझोनाच्या 15व्या मतदारसंघात 30 नोकऱ्या वाचल्याची नोंद आहे, आणि ॲरिझोनाला मतदारसंघ होते 8. इतर राज्यांतही असेच नसलेले मतदारसंघ सापडले. पैसे कुठे गायब झाले नव्हते. अहवाल भरणाऱ्या कुणीतरी, जो बहुधा एखाद्या छोट्या संस्थेचा हिशेबनीस असेल, क्रमांक आठवेना म्हणून काहीतरी आकडा टाकला होता. पण वर्तमानपत्रांत मथळा ‘भुताटकीचे मतदारसंघ’ अशा थाटाचा आला आणि कित्येक चांगल्या प्रकल्पांवर संशयाचं सावट आलं. नोकऱ्या ‘वाचल्या’ म्हणजे काय, हेही कुणाला धड सांगता येत नव्हतं. डिसेंबरमध्ये सरकारने व्याख्याच बदलली आणि या निधीतून पगार दिलेले तास मोजून त्यावरून पूर्णवेळ माणसं काढायची असं ठरवलं. पहिल्या तिमाहीत जुन्या व्याख्येने आकडे भरून बसलेल्यांना आता नव्याने मोजणी करायची होती.

संकेतस्थळाचं तर विचारूच नका. एरवी येत त्याच्या कितीतरी पट अर्ज येणार, ही यंत्रणा कोसळू शकते, असा इशारा खुद्द अर्थसंकल्प कार्यालयाने मार्च 2009 मध्येच दिला आणि खात्यांना अर्ज घेण्याचे दुसरे मार्ग काढायला सांगितलं. शेवटच्या रात्री चक्र फिरत राहणारं पान आपल्याकडच्या अर्जदाराला नवं नाही. फरक एवढाच की तिथे पाणी डोक्यावरून जाण्याआधी कुणीतरी लेखी बोललं.

पण फॉर्म आणि संकेतस्थळ या वरवरच्या अडचणी. खरी अडचण कायद्याच्या पोटात होती आणि ती सर्वांत स्पष्ट दिसली ती गरिबांच्या घरांच्या योजनेत. माळ्यावर उष्णतारोधक घालायचं, दारंखिडक्यांच्या फटी बुजवायच्या, जुनी भट्टी बदलायची, म्हणजे हिवाळ्यात घर तापवायला इंधन कमी लागतं. 1976 पासून चालत आलेली ही योजना, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला एकदम 5 अब्ज डॉलर मिळाले. तंत्रज्ञान सोपं, लाभार्थी ठरलेले, काम करणाऱ्या संस्था गावोगावी आधीपासून होत्या. कुदळ मारायचीच खोटी म्हणावं तर हेच काम. पण उत्तेजन निधीच्या प्रत्येक कामाला 1931 सालचा डेव्हिस-बेकन कायदा लागू केला होता: मजुराला त्या भागातली प्रचलित मजुरी द्यायची. फटी बुजवणाऱ्या माणसाची प्रचलित मजुरी किती, हे सरकारदरबारी कुठेच नोंदलेलं नव्हतं, कारण या योजनेला तो कायदा तोवर कधी लागूच नव्हता. आपल्याकडे जिल्हा दरसूचीत बाब सापडली नाही की इस्टिमेट अडून बसतं, हुबेहूब तसं. कामगार खातं काउंटीमागून काउंटी दर ठरवत बसलं, ते सप्टेंबर उजाडेपर्यंत. दर चुकला तर नंतर वसुली निघेल या भीतीने अनेक राज्यांनी तोवर हात बांधून ठेवले. त्यात जुन्या घरांना ऐतिहासिक वारशाची तपासणी. वर्ष संपलं तेव्हा दहा टक्के रक्कमही उचलली गेली नव्हती. पुढे या योजनेने वेग घेतला, सुमारे सहा लाख घरांचं उद्दिष्ट ओलांडलंही. पण ज्या हिवाळ्यासाठी एवढी घाई केली होती तो हिवाळा निघून गेला.

मजुराला रास्त मजुरी मिळावी यात चुकीचं काहीच नाही. मला खटकतं ते वेगळं. पैसे जाहीर करणारे आणि अट घालणारे एकाच सभागृहात बसले होते, आणि त्या अटीची पूर्वतयारी कोण करणार याचा विचार कुणीच केला नव्हता. अर्जदार मात्र ‘तुमच्याकडूनच उशीर होतोय’ हे ऐकत राहिला.

आता याच्या शेजारी कलम 1603 ठेवा. हे कलम मला त्या अख्ख्या कायद्यातलं सर्वांत शहाणं वाटतं आणि म्हणूनच त्याच्यावर जरा रेंगाळतो.

पार्श्वभूमी अशी. सौर प्रकल्पाला खर्चाच्या 30 टक्के करसवलत आधीपासून होती. पण सवलत घ्यायला आधी कर भरण्याएवढा नफा हवा, आणि नव्या सौर कंपनीला तो कुठून असणार? म्हणून कंपन्या आपल्या वाटणीची करसवलत बड्या बँकांना आणि विमा कंपन्यांना भागीदार करून घेऊन विकत. बँक तिचा कर वाचवी, कंपनीला रोख मिळे, मधले वकील आपला वाटा काढून घेत. लेहमन आणि एआयजी याच बाजारातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी. 2008 च्या शेवटी नफाच उरला नाही, तेव्हा वाचवायला करही उरला नाही, आणि बाजार बसला. सवलत कागदावर जिवंत होती, तिच्या जोरावर प्रकल्प मात्र उभे राहीनात.

कलम 1603 ने एवढंच केलं: सवलतीऐवजी तेवढीच रक्कम, 30 टक्के, सरळ रोख द्या. देणार कोण? ऊर्जा खातं नव्हे, वित्त खातं. तंत्रज्ञान चांगलं की वाईट हे ठरवण्याची हौस नसलेलं खातं. स्पर्धा नाही, गुणांकन नाही, समितीची मुलाखत नाही. अर्ज काम झाल्यावर करायचा. 31 जुलै 2009 ला अर्ज घेणं सुरू झालं आणि 1 सप्टेंबरला पहिले सुमारे 50 कोटी डॉलर जाहीर झाले. कायद्यात मुदतच होती: प्रकल्प चालू झाल्यापासून किंवा अर्ज आल्यापासून, जे नंतर असेल तिथून 60 दिवसांत पैसे.

कागद कोणते? प्रकल्प उभा आहे हे दाखवणारे अभियंत्याच्या शिक्क्याचे नकाशे. तो सुरू झाल्याचा अहवाल. ग्रीडला जोडल्याचा वीज कंपनीचा करार. खर्चाचा तपशील, आणि रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र लेखापालाचा दाखला. यातला एकही कागद अनुदानासाठी म्हणून मुद्दाम तयार करावा लागत नाही. प्रकल्प खरोखर झाला असेल तर हे सगळे फायलीत आपोआप जमा झालेले असतात. इथे एकही भविष्यकाळी क्रियापद नाही, हे ध्यानात घ्या. ‘रोजगारनिर्मिती होईल’, ‘परिसराचा कायापालट होईल’ असं काही लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. योजना मिटेपर्यंत लाखाच्या वर प्रकल्पांना मिळून सुमारे 26 अब्ज डॉलर दिले गेले. संख्येने बहुतेक सौर, रकमेचा मोठा वाटा पवनचक्क्यांचा.

मग हिच्यात खोट नव्हती का? होती, आणि ती या रीतीच्या गुणातूनच आलेली. पहिली म्हणजे काम आधी, पैसे नंतर. याचा अर्थ मधल्या काळाचं भांडवल ज्याच्याकडे आहे त्यालाच हे दार उघडं. पहिल्या हप्त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम इबरड्रोला या बलाढ्य स्पॅनिश कंपनीच्या पवनचक्क्यांना गेली. अमेरिकन करदात्याच्या पैशातून परदेशी कंपनीचं भलं, म्हणून सिनेटरांनी गिल्ला केला. चक्क्या अमेरिकेच्या जमिनीवर उभ्या आहेत, वीज तिथेच वापरली जाते, हे कुणाला सांगणार! दुसरी खोट जास्त खोल. 30 टक्के, पण कशाच्या? खर्चाच्या. जिथे पॅनल लावणारी आणि ते विकत घेणारी संस्था वेगवेगळी असते तिथे बिल बघून भागतं. पण एकच कंपनी घराघरांवर पॅनल लावून भाड्याने देते, तेव्हा ‘बाजारभाव’ तीच सांगणार. बाजारभाव फुगवला की अनुदान फुगलं. 2012 मध्ये वित्त खात्याच्या महानिरीक्षकांनी याच मुद्द्यावर काही मोठ्या सौर कंपन्यांची दप्तरं मागवली. त्यांतल्या सोलारसिटीने 2017 मध्ये आरोप मान्य न करता 2 कोटी 95 लाख डॉलर भरून तडजोड केली.

तारखेचाही एक खेळ झाला. ठरलेल्या वर्षअखेरीच्या आत काम सुरू झालेलं असेल तरच अनुदान, आणि काम सुरू झालं याचा एक मान्य पुरावा म्हणजे एकूण खर्चाच्या 5 टक्के रक्कम खर्च झालेली असणं. साहजिकच वर्षाच्या शेवटच्या महिन्यात अमेरिकेतल्या गोदामांत पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर यांची रास लागली. जागा ठरलेली नाही, पण माल घेऊन ठेवलेला. आपल्या मार्च एंडचा हा डिसेंबरी अवतार.

आता स्पर्धेच्या वाटेकडे. ‘अर्पा-ई’ ही नव्या, धाडसी संशोधनाला पैसे देणारी संस्था 2007 च्या कायद्याने कागदावर जन्मली होती, पण तिच्या हातात पैसा पहिल्यांदा पडला तो या उत्तेजन निधीतून, 40 कोटी डॉलर. पहिल्याच आवाहनाला सुमारे 3,700 संकल्पना-टिपणं आली आणि निवडले गेले 37 प्रकल्प. शंभरात एक. 1603 सारखी रीत इथे चालणारच नाही, कारण जे अजून प्रयोगशाळेतही धड उभं नाही त्याचा ‘चालू झाल्याचा दाखला’ कुठून आणणार? अशा ठिकाणी होणाऱ्या कामावर, म्हणजे माणसावर आणि त्याच्या विचारावरच पैसे लावावे लागतात, आणि बरेचसे बुडणार हे गृहीत धरावं लागतं. अर्पा-ईने एक गोष्ट मात्र चांगली केली. पूर्ण प्रस्तावाआधी छोटं टिपण मागितलं. ज्यांना नकार मिळायचाच होता त्यांचे निदान दोन-दोन महिने वाचले.

स्मार्ट ग्रिडच्या अनुदानाची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. 3.4 अब्ज डॉलर, चारशेवर अर्ज, निवड शंभराची, आणि अट अशी की निम्मा खर्च अर्जदाराचा. बॉल्टिमोरच्या वीज कंपनीला घरोघरी नवे मीटर बसवायला 20 कोटी डॉलर मंजूर झाले. पण उरलेला खर्च कंपनी ग्राहकांच्या बिलातून काढणार होती, आणि त्याला मेरीलँडच्या वीज नियामक आयोगाची परवानगी हवी. जून 2010 मध्ये आयोगाने योजना साफ फेटाळली: जोखीम सगळी ग्राहकावर का? केंद्राने मंजूर केलेले 20 कोटी डॉलर अधांतरी. कंपनीने मांडणी बदलून पुन्हा अर्ज केला, ऑगस्टमध्ये तो मान्य झाला आणि अनुदान वाचलं. आयोगाचं पहिलं म्हणणं मला रास्तच वाटतं. पण अर्जदाराच्या बाजूने पाहिलं तर धडा उघड आहे. ‘स्वहिस्सा’ या रकान्यात आकडा लिहिणं सोपं, त्या आकड्यामागे कुणाची सही लागते ती आधी घेऊन ठेवणं अवघड.

सोलिंड्राचं नाव काढल्याशिवाय हा विषय निघत नाही, म्हणून तेही उरकतो. तिला मिळालं होतं ते अनुदान नव्हतं, 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाची हमी होती. लोक सर्रास गल्लत करतात. कंपनीची गोल नळीसारखी पॅनल सिलिकॉनशिवाय बनत. तिने हमीसाठी अर्ज केला 2006 मध्ये, बुश यांच्या काळात. सिलिकॉनचे भाव तेव्हा चढते होते, 2008 मध्ये तर किलोला 400 डॉलरच्या पुढे गेले. त्या भावात तिचा हिशेब बिनतोड होता. हमीवर शिक्कामोर्तब झालं सप्टेंबर 2009 मध्ये. तोवर भाव कोसळू लागले होते, 2011 संपताना ते 30 डॉलरच्या आसपास आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. राजकारण्यांनी यात वशिला शोधला. मला त्यात शिळा झालेला अर्ज जास्त दिसतो. अर्ज करतानाचा बाजार आणि पैसे मिळतानाचा बाजार यांत तीन वर्षांचं अंतर, आणि मधल्या काळात मूळ गृहीत पुन्हा तपासून पाहण्याचं बंधन पुरेसं कडक कुणावरच नव्हतं. (मिशिगनमधल्या एका बॅटरी कारखान्यात अनुदान येऊन कारखाना उभा राहिला, पण मालाला मागणीच नाही म्हणून कामगार पगारी वेळेत पत्ते खेळत बसल्याचं 2013 च्या सरकारी तपासणीत निघालं. तोच कारखाना पुढे चालला. म्हणजे पैसे वाया गेले की लवकर आले, हे ठरवणंही सोपं नसतं.)

हे सगळं मराठी वाचकाला कशासाठी? कारण झालेल्या कामाचे पैसे की होणाऱ्या कामाचे, आणि खर्चावर पैसे की उत्पादनावर, हे दोन तिठे आपल्याकडेही तेच आहेत. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या मुख्यतः वेगवान घसाऱ्याच्या जोरावर. चक्कीच्या किमतीचा मोठा भाग, एकेकाळी 100 टक्के, नंतर 80 टक्के, पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येई. ज्यांचा वाऱ्याशी काडीचा संबंध नव्हता असे कारखानदार चक्क्यांचे मालक झाले. चक्की उभी राहिली की त्यांचं काम झालं. ती किती फिरते याची काळजी दुय्यम. डिसेंबर 2009 मध्ये, म्हणजे अमेरिकेत 1603 चे पैसे वाटले जात होते त्याच सुमाराला, केंद्राने दुसरा पर्याय पुढे केला: घसारा घेऊ नका, ग्रीडला दिलेल्या दर युनिटमागे 50 पैसे घ्या. पैसे चक्कीचे नाहीत, विजेचे. दोन्ही सवलती 2012 मध्ये एकदम थांबल्या तेव्हा पुढच्या वर्षीची नवी उभारणी जवळजवळ निम्म्यावर आली. हा उद्योग कशावर उभा होता, ते त्या वर्षी कळलं.

2024 ची प्रधानमंत्री सूर्यघर योजना तिच्या जातीने 1603 च्या कुळातली आहे. आधी पॅनल लावा, नेट मीटर बसू द्या, तपासणी होऊ द्या, मग खात्यात अनुदान: एका किलोवॉटला 30,000, दोनला 60,000, तीन आणि त्यापुढे कितीही लावलं तरी 78,000 रुपये. रक्कम खर्चाच्या टक्क्यात नाही, क्षमतेवर बांधलेली आहे, त्यामुळे बिल फुगवून सरकारकडून जास्त काढता येत नाही. अमेरिकेच्या वित्त खात्याच्या महानिरीक्षकांनी 2012 मध्ये ज्या भोकावर बोट ठेवलं ते इथे बुजवलेलं दिसतं. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000. देशी सेलचीच पॅनल हवीत ही अट मात्र आहे. स्वस्त मिळाली म्हणून बाहेरची लावली की अनुदानावर पाणी. महाराष्ट्रातल्या सौर कृषिपंपाची रीत उलटी: शेतकऱ्याने आपला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के हिस्सा आधी भरायचा आणि मग पंपाची वाट बघायची. इथे भांडवल सरकारचं, वाट पाहणं शेतकऱ्याचं.

आणि दोन्हीकडे गाडी अडते ती बहुतेक वेळा किरकोळ जागी. वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, सातबारावर चार चुलत्यांची नावं, आधारवर ‘बाळासाहेब’ आणि बँकेत ‘बाळू’. पॅनल कितीही चांगली असोत, नाव जुळल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. लेखकांनी तिसरं प्रकरण याच कटकटींना दिलं आहे आणि ते पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे. प्रकाशकांनी ते छोटं करायला सुचवलं होतं म्हणे. लेखकांनी ऐकलं नाही, बरं केलं.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमत नाही. अर्ज लिहायला सल्लागार नेमावा, त्याचं मानधन अनुदानाच्या टक्क्यात ठरवावं, म्हणजे तो जीव ओतून काम करेल, असं त्यांनी सातव्या प्रकरणात म्हटलं आहे. टक्क्यावरच्या सल्लागाराचं हित रक्कम फुगवण्यात असतं आणि पाच वर्षांनी तपासणी येते तेव्हा तो नसतो, सही करणारा असतो. 1603 मध्ये पैसे मिळाल्यावर पाच वर्षं दरवर्षी अहवाल द्यावा लागे आणि त्या काळात प्रकल्प अपात्र मालकाच्या हाती गेला तर रक्कम परत करावी लागे. सल्लागार ठेवा, पण ठरावीक फीवर, आणि खर्चाचा तक्ता स्वतः मांडा. चुकला तर तुमच्या अक्षरात चुकलेला असू द्या, दुरुस्त करायला सोपं जातं.

परिशिष्टात कोऱ्या तक्त्यांचे नमुने आहेत. ज्यांच्या घराचं वीजबिल अजून दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून सरळ तिसऱ्यापासून वाचायला घेतलं तरी चालेल. नाव बदलाचा अर्ज आधी टाकून यावा आणि तो मंजूर होईपर्यंत बाकीचं पुस्तक वाचून काढावं.